मुलं बाहेरगावी गेल्यावर घरी उरलेल्या दोघांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात बारावीनंतर काय, ॲडमिशन, एज्युकेशन लोन सगळं येतं, लहान मुलांच्या पालकांसाठी पण येतं, पण मूल नोकरीला बाहेर पडलं की मागे राहिलेल्या आईबापांनी काय करायचं यावर काहीच वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र.

माझी एकुलती एक मुलगी गेल्या जूनपासून पुण्यात हिंजवडीला जॉबला आहे. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, सकाळी हुतात्मा एक्सप्रेसला बसलं की दुपारच्या जेवणाच्या आत पुणे, त्यामुळे माझ्या डोळ्यात पाणी आलं की लोक म्हणायचे, अगं अमेरिकेला गेली का ती. पण बावीस वर्षं तिचा डबा, तिचा क्लास, तिची परीक्षा यावरच माझा दिवस चालायचा तो एकदम रिकामा झाला, त्यात माझं पाळी जायचं वय, रात्री घाम फुटतो, झोप नाही. बऱ्याच जणींच्या वाट्याला हे दोन्ही एकदमच येतं आणि घरात बोलता येत नाही. मिस्टर तर काहीच बोलत नाहीत, पण अजूनही स्वतःची गाडी गेटच्या आत भिंतीला चिकटवून लावतात, तिच्या स्कूटीला जागा ठेवून. स्कूटी पुण्याला नेऊन सात महिने झाले.

मी दिवसात पाच-सहा फोन करायचे. एकदा रात्री तिने उचलला नाही तर अकरा वाजता रूममेटला झोपेतून उठवलं. दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आई, तुझे इतके मिसकॉल दिसले की मला वाटतं बाबांना काही झालं." काळजात चर्र झालं. तेव्हापासून फोन तिनेच करायचा असं ठरवलं, पहिले चार दिवस जेवण गेलं नाही मला, पण आता ती आपणहून करते आणि ऑफिसातली कटकट पण सांगते, जी आधी कधीच सांगत नव्हती कारण माझे प्रश्नच संपायचे नाहीत. महिन्याला शेंगा चटणी आणि कडक भाकरी तेवढी पाठवते.

ज्यांना फारच जड जातंय त्यांनी १४४१६ ला फोन करावा, सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन आहे, २०२२ पासून, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. हा नंबर आपण पेपरात ठळक छापावा, आणि या वयातल्या आईबापांसाठी डॉक्टरांकडून काही लिहून घ्यावं ही कळकळीची विनंती.

दिवाळीला ती आली तर तिच्या खोलीत माझं शिलाई मशीन बघून दारातच थांबली. काही म्हणाली नाही, बॅग ठेवली आणि मशीनवरचे ब्लाऊजचे तुकडे उचलून बघत बसली. मशीन तिथेच आहे, तिचा पलंग पण हलवलेला नाही.

आपली,
एक वाचक, सोलापूर