वहिनी, ते पंचवीस हजार भरू नकोस

लेस्टर, इंग्लंड,
१० मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर अर्धंच बोलणं झालं. मागून दादा "पैसे भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे" म्हणाला, तेवढं मात्र नीट ऐकू आलं. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते. ईराला मोठ्याने वाचायला सांग, आईलाही ऐकू दे.

आधी मुख्य गोष्ट. त्या ब्लॉगिंगच्या कार्यशाळेचे पंचवीस हजार भरू नकोस. "तीन महिन्यांत घरबसल्या महिना पन्नास हजार" असं ते म्हणतात, तर आपण हिशेबच मांडू. ब्लॉगवरच्या जाहिरातींत हजार वेळा पान उघडलं गेल्यावर जी रक्कम मिळते तिला आरपीएम म्हणतात. मराठी वाचणारे बहुतेक भारतातले, आणि भारतातल्या वाचकामागे जाहिरातदार कमी पैसे मोजतात. समज, हजार पानांमागे पन्नास रुपये मिळाले. म्हणजे पन्नास हजारांसाठी महिन्याला दहा लाख वेळा तुझी पानं उघडली गेली पाहिजेत. नव्या ब्लॉगवर तीन महिन्यांत हे होत नाही. शिकवणाऱ्यांना स्वतःला हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्यांची खरी कमाई कार्यशाळेच्या फीमधूनच होते. मला याचा राग येतो, कारण फी भरणाऱ्यांत तुझ्यासारख्या हातात खरी विद्या असलेल्या बायका असतात.

मग पैसे मिळतच नाहीत का? मिळतात, पण वेळाने आणि तीन-चार वाटांनी मिळून. अमेरिकेत मिनेसोटामध्ये लिंडसे ऑस्ट्रम नावाच्या एका शिक्षिकेने २०१० साली 'पिंच ऑफ यम' हा पाककृतींचा ब्लॉग सुरू केला. २०११ पासून ती आणि तिचा नवरा दर महिन्याचा जमाखर्च सगळ्यांसमोर मांडायला लागले. पहिल्या हिशेबात बावीस डॉलरही नव्हते. पुढे तो ब्लॉग खूप मोठा झाला, तिने शाळेची नोकरी सोडली. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यांचे पैसे नुसत्या जाहिरातींचे नव्हते. खाद्यपदार्थांचे फोटो कसे काढावेत याचं ई-पुस्तक त्यांनी विकलं, कंपन्यांसाठी पाककृती केल्या, दुसऱ्या ब्लॉगवाल्यांना शिकवण्यासाठी सभासदत्व सुरू केलं.

आता तुझ्याकडे काय आहे ते बघ. पातोळ्या, घावन, खांडवी, कुळथाचं पिठलं, आमसुलं, फणसपोळी. नेटवर या सगळ्यांच्या पाककृती ढिगाने आहेत हे खरं. पण "एक वाटी पिठी, एक वाटी पाणी" एवढं लिहून माणसं मोकळी होतात. माझ्या ब्लॉगचं सर्च कन्सोल मी रोज बघते. हे गूगलचं फुकट साधन आहे, लोक काय शोधत आपल्या पानावर आले ते त्यात शब्दशः दिसतं. गणपतीच्या आधी तिथे मोदकाची कृती विचारणारे कमी असतात आणि "मोदक वाफवताना फुटतात", "उकड चिकट झाली", "पारी वाळते" असं शोधणारे जास्त. इथे आणखी एक अडचण असते. दुकानात थाई तांदळाच्या पिठाची पाकिटं मिळतात, त्यात साध्या तांदळाचं पीठ वेगळं आणि चिकट तांदळाचं वेगळं. पाकिटं दिसायला सारखीच. चुकीचं उचललं की उकडीचा लगदा होतो. अशा ठिकाणी अडलेल्या माणसाला जी बाई वाट दाखवते तिच्याकडे तो पुन्हा येतो, आणि पुन्हा येणाऱ्या वाचकावरच ब्लॉगचं उत्पन्न उभं राहतं. तू उकडीला हात लावून सांगतेस ना, "अजून एक वाफ हवी", ते कशावरून ओळखतेस ते लिही. मला तेच हवंय.

खर्चाचं सांगते. स्वतःचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घे. 'डॉट इन' वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. गूगलच्या ब्लॉगरवर जागा फुकट असते आणि तुझं डोमेन तिथे जोडताही येतं, त्यामुळे पहिलं वर्ष होस्टिंगवर, म्हणजे ब्लॉग ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, काहीच घालवू नकोस. लेख साठले, वाचक यायला लागले की वर्डप्रेसवर जाता येईल. होस्टिंग घेताना मात्र दादाला एक गोष्ट नीट बघायला सांग. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला दर पहिल्या मुदतीपुरता असतो, नूतनीकरणाचा दर कितीतरी जास्त असतो आणि तो बारीक अक्षरात लपलेला असतो.

महिला मंडळाच्या स्मरणिकेसाठी तू पाककृती टाइप करून घेतल्या होत्यास, त्या जुन्या श्रीलिपीतल्या आहेत. तशाच चिकटवू नकोस. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत नसेल तर गूगलला तो वाचताच येत नाही. ईराला बदलून द्यायला सांग, किंवा सरळ फोनवर बोलून टाइप कर, आता मराठी बोललेलं बरंच बरोबर उतरतं. आणखी एक बारीकसं काम: लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवलास तर व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते आणि लोक घाबरून उघडत नाहीत. मथळा मराठीत, पत्ता मात्र छोटा आणि रोमन अक्षरांत.

फोटोंसाठी काही विकत घेऊ नकोस. माजघराच्या खिडकीशी सकाळचा उजेड येतो तो पुरे. फोटो चढवण्याआधी त्याचा आकार कमी कर, कारण फोनमधला मूळ फोटो पान जड करतो आणि गावाकडच्या नेटवर ते उघडेपर्यंत वाचक निघून जातो. तयार पदार्थाच्या एका सजवलेल्या फोटोपेक्षा उकड मळण्याआधीची आणि मळल्यानंतरची कशी दिसते ते दोन फोटो जास्त कामाचे.

पहिली वाट जाहिरातींची, त्यासाठी गूगलचं ॲडसेन्स. २०१८ पासून ते मराठी मजकुराला चालतं. पंधरा-वीस नीट लेख झाल्यावर अर्ज कर. कमाई दहा डॉलरच्या आसपास गेली की पत्ता तपासायला ते पिन असलेलं पत्र टपालाने पाठवतात, तेव्हा पत्त्यात घराचं नाव आणि जवळची खूण दोन्ही लिही, नाहीतर पोस्टमनकाका नवीन असले तर ते पत्र परत जायचं. शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. सुरुवातीला त्याला कित्येक महिने लागू शकतात, तेव्हा खट्टू होऊ नकोस. आणि दादाला, ईराला, मंडळातल्या सगळ्या बायकांना बजावून ठेव की प्रेमापोटीसुद्धा तुझ्या ब्लॉगवरच्या जाहिरातींवर क्लिक करायचं नाही. असे क्लिक गूगलला ओळखता येतात आणि खातंच बंद होतं.

दुसरी वाट दुव्यांची. वस्तूचा दुवा (लिंक) देऊन कमिशन मिळवायचा ॲमेझॉनचा कार्यक्रम भारतात २०१३ पासून आहे. मोदकपात्राचा दुवा तू दिलास, त्यावरून जाऊन कोणी खरेदी केली, तर तुला थोडे टक्के मिळतात. त्यात अट अशी की साधारण चोवीस तासांत त्याने खरेदी करायला हवी. जे तू स्वतः वापरतेस त्याचाच दुवा दे, आणि यातून मला कमिशन मिळतं असं लेखात वरच स्वच्छ लिही. जाहिरात असेल तर तसं सांगायला हवं, असे नियम भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केले आहेत. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तुझ्या नावावर विश्वास ठेवून कोणी साडेतीन हजारांचं भांडं घेणार, त्याला कळायला नको का? पुढेमागे कंपन्या भांडी, मिक्सर भेट म्हणून पाठवायला लागल्या तर त्याचीही नोंद ठेव. एका कंपनीकडून वर्षाला वीस हजारांवरच्या अशा भेटींवर जुलै २०२२ पासून दहा टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) लागू झाला आहे. सीएला पहिल्या वर्षापासून सगळं दाखव.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती तिसरी वाट, तुझी स्वतःची. आंबेमोहोराची मोदकपिठी, मेतकूट, आगळ हे तू आत्ताही ओळखीत विकतेसच. मोदक का फुटतात हा लेख ज्याने शेवटपर्यंत वाचला, त्याला तिथेच तुझी पिठी मागवता आली तर त्या एका गिऱ्हाईकामागे जे उरेल ते जाहिरातीतून हजार वाचकांमागे मिळणार नाही. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते, छोट्या घरगुती कामाला ती साधीच असते, दादा एका दिवसात अर्ज भरेल. पैसे घ्यायला यूपीआय आहेच. पिठी इकडे पाठवणं महागात जाईल, तो नाद नको. त्याऐवजी 'गणपतीचे पाच दिवसांचे नैवेद्य' असं एक छोटं ई-पुस्तक कर, ते बर्मिंगहॅमच्या बाईलाही दोन मिनिटांत मिळेल. ई-पुस्तकं विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ते ठेवता येतं.

कार्यशाळेच्या पत्रकात "एआयने रोज दहा लेख" असंही आहे म्हणालीस. हे अजिबात करू नकोस. शोधात वरची क्रमवारी मिळवण्यासाठी घाऊक पाडलेल्या मजकुराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आणि इथेही शोधाच्या वर एआयने लिहिलेली उत्तरं दिसायला लागली. साधं प्रमाण हवं असलेला माणूस ते तिथेच वाचतो, पानावर येतच नाही. म्हणून नुसत्या गूगलवर अवलंबून राहायचं नाही. पहिल्या दिवसापासून वाचकांचे ईमेल पत्ते घे, "नवा लेख आला की कळवीन" एवढंच सांगून. आपली माणसं ईमेल कमी बघतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा सोबत व्हॉट्सॲप चॅनेलही काढ. पण चॅनेल शेवटी त्या कंपनीच्या हातात. पत्त्यांची यादी तुझी राहील.

भाषेबद्दल तू विचारलंस. मराठीतच लिही. तुझी मराठी गोड आहे आणि इंग्रजीत लिहिताना तू आखडतेस. पण इथे वाढलेल्या मुलींना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आईच्या हातचं करून बघावं असं त्यांना फार वाटतं. शिवाय ब्रिटन-अमेरिकेतल्या वाचकामागे जाहिरातीचा दर भारताच्या कितीतरी पट असतो. तेव्हा तुझे निवडक लेख मी इंग्रजीत उतरवते, तुझ्याच ब्लॉगवर, तुझ्याच नावाने. हळदीच्या पानांऐवजी इथे काय वापरावं वगैरे इथल्या टिपा मी घालीन. इंग्रजी पानांचं वेगळं काही मला नको, सगळं तुझ्या खात्यात.

कामाचा क्रम असा धर. हंगामी लेख सणाच्या दोनेक महिने आधी टाकावा लागतो, कारण गूगलला नवं पान ओळखून वर आणायला वेळ लागतो. गणपती यंदा सप्टेंबरच्या मध्यात आहेत. म्हणजे मोदकांचा लेख जूनअखेरीस तयार हवा, पातोळ्यांचा त्याच्याही आधी, नागपंचमी आधी येते. दिवाळीचा फराळ ऑगस्टात. सध्या आमसुलं आणि फणसपोळी चालू असेल, तर रोजचा एक फोटो आणि दोन ओळी टिपून ठेव: ऊन कसं होतं, कोकमाच्या सालींना आगळाचे पूट किती दिलेस, फणसपोळी उलटवायची कधी. पाऊस सुरू झाला की हे पुन्हा टिपता येणार नाही, आणि पुढच्या मार्चमध्ये हेच लेख लोक शोधतील.

शिरीषमामांचा सुजित सप्टेंबरात इथे एमएस्सीला येतोय ना, त्याला माझा निरोप दे. विद्यार्थी व्हिसावर इथे स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, आणि ब्लॉगवर किंवा यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे घेणं त्यातच मोडतं. त्याने त्याचं ट्रेकिंगचं चॅनेल चालू ठेवावं, पण कमाई बंद करूनच विमानात बसावं. मी यांच्या नोकरीवर अवलंबित म्हणून आले, त्या व्हिसावर स्वयंरोजगार चालतो. त्यामुळे मला चालतं म्हणून त्यालाही चालेल असं कोणी त्याला सांगू नये.

शुक्रवारी फी भरायच्या ऐवजी दादाला डोमेन घ्यायला सांग. नाव तूच ठरव, स्पेलिंग सोपं हवं, फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. पहिला लेख झाला की मला कच्चाच पाठव, शुद्धलेखन मी बघते. पंधरवड्याला एक लेख झाला तरी खूप आहे, आईच्या गुडघ्यांचं आणि ईराच्या दहावीचं सांभाळून त्याहून जास्त ओढू नकोस.

आईला आणि दादाला सा. न., ईराला आशीर्वाद. ईराने ते सर्च कन्सोल जोडून दिलं तर मला तिथे बघायची परवानगी द्यायला सांग, म्हणजे कोण काय शोधत येतंय ते दर रविवारी आपण फोनवर मिळून बघू.

तुझी नणंद,
शुभा