एचबीए१सीच्या रिपोर्टवर सिकलसेलचा रकाना हवा

मा. संपादक, स.न.

आपल्या आरोग्य पुरवणीत डायबेटिसवर आलेला लेख वाचला, चांगला आहे, पण त्यात "एचबीए१सी केली की तीन महिन्यांची खरी साखर कळते" असं एका वाक्यात उरकलंय. मी चंद्रपूरकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो म्हणून लिहितोय, आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे बरेच पेशंट आहेत, त्यामुळे हे वाक्य असं मोकळं सोडून चालणार नाही.

मुळात ही टेस्ट साखर मोजतच नाही. रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा नीट चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही, किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली तेवढंच मशिन सांगतं. मग तीन महिनेच का, तर लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून. तिच्यात ना केंद्रक ना मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे झीज झाली तर नवीन प्रोटीन बनवून दुरुस्ती करायची सोयच नाही, बोन मॅरोतून निघताना जे सोबत आणलं त्यावरच सगळे दिवस काढायचे. तरुण पेशी ७-८ मायक्रॉनची असूनही प्लीहेतल्या एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून अंग चोरून निघून जाते, म्हातारी झालेली कडक पडते, तिथे अडकते आणि मॅक्रोफेज पेशी तिला गिळून टाकतात. तिच्यातलं लोह वाया जात नाही, असं रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह शरीर परत वापरतं (जेवणातून अंगी लागतं ते जेमतेम १-२ मिलिग्रॅम), आणि लोह काढून उरलेल्या हीमचं बिलिरुबिन (पिवळं रंगद्रव्य) होऊन ते लिव्हरमधून पित्तात जातं.

आता सिकलसेलचा पेशंट घ्या. ऑक्सिजन कमी झाला की त्याच्या हिमोग्लोबिनचे धागे जमतात, पेशी विळ्यासारखी वाकते, ऑक्सिजन मिळाला की सरळ होते, परत वाकते, असं होत होत तिचं आवरण खराब होतं आणि ती १०-२० दिवसांतच मरते. साखर चिकटायला वेळच कुठे मिळतो? म्हणून फास्टिंग (उपाशीपोटी) साखर १८० म्हणजे खूप जास्त आणि एचबीए१सी ५.१ म्हणजे नॉर्मल अशी जोडी समोर आली की मी आधी स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघतो. शिवाय ज्याला आई-बाप दोघांकडून सिकलचा जीन आलाय त्याच्यात नेहमीचं ए हिमोग्लोबिन नसतंच, त्यामुळे काही मशिन आकडाच देत नाहीत आणि जी देतात त्यांचा आकडा धरता येत नाही. पण पेशंटच्या हातात "नॉर्मल" लिहिलेला कागद पडतो आणि तो खुश होऊन गोळ्या बंद करतो, तिकडे डोळे नि किडनी खराब होत राहतात.

वाहक लोकांनी (आई-बापांपैकी एकाकडूनच सिकलचा जीन आलेल्यांनी) घाबरायचं कारण नाही, त्यांच्या पेशी जवळपास नेहमीइतक्याच जगतात, फक्त मशिनची पद्धत कोणती ते लॅबला विचारून घ्यावं. नुकतं रक्त चढवलं असेल तरी आकडा भरवशाचा नाही. आणि लोहाच्या कमतरतेत उलटं होतं, आकडा थोडा वर सरकतो, आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना अॅनिमिया आहे हे लक्षात घ्या.

यात एक मोठी गॅप आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मिशनमध्ये ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, कार्डही मिळतं, काम चांगलंच आहे. पण एचबीए१सी करायला येणारे बहुतेक चाळिशीच्या पुढचे! त्यांची सिकलसेल टेस्ट कधी झालेलीच नसते, आणि आजार सौम्य असेल तर घरात कुणाला पत्ताही नसतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार अशा जिल्ह्यांत एचबीए१सीच्या फॉर्मवर आणि रिपोर्टवर सिकलसेलचा रकाना असावा, माहीत नसेल तर सॉल्युबिलिटी टेस्ट (रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे का ते दाखवणारी) करून घ्यावी, ती स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते. पॉझिटिव्ह निघाला तर पुढे एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी टेस्ट) करून रुग्ण की वाहक ते ठरवता येतं. रुग्ण असेल त्याची साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या टेस्टवर, ग्लुकोमीटरवर बघावी, सोय असेल तिथे फ्रुक्टोसामाइन करावी, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून नाही.

अजून एक, डोळे पिवळे दिसले की लेकराला काविळीची माळ घालायला नेतात ते थांबायला हवं. सिकलच्या मुलाचा सिरम (पेशी बाजूला केल्यावर उरणारं रक्तातलं पाणी) मी सेंट्रीफ्यूजमधून काढतो तेव्हा तो कधी कधी हळदीच्या पाण्यासारखा पिवळाधमक असतो, लिव्हर ठीक असतं, पेशीच इतक्या फुटत असतात की बिलिरुबिनचा निचरा होत नाही. तिथे माळ घालून काय होणार, आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सिकलची टेस्ट करा.

पुढच्या पुरवणीत हे ठळक छापावं ही विनंती.

– एक लॅब टेक्निशियन, चंद्रपूर जिल्हा