ठेवणीतलं नेसून घे

चिपळूण,
कोजागिरीनंतरचा सोमवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात आणि घालायला म्हणून काही सापडत नाही. तू ये आणि एकदाचं लावून दे." बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेत, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात, त्यामुळे मला इतक्यात डोंबिवलीला यायला जमणार नाही. पण आले असते तरी तुझं कपाट मी लावलं नसतं. कुठला कपडा का अडकून राहिलाय ते ज्याचं त्यालाच माहीत असतं. तुझा तो राखाडी स्वेटर मी बोहारणीला घातला असता आणि तो तू पहिल्या पगारातून घेतलेला निघाला असता.

वेळ मात्र बरोबर निवडलीस. पाऊस गेलाय, ऑक्टोबरचं ऊन तापतंय, दिवाळीला अजून दिवस आहेत. रविवारी सकाळी चहा झाला की लाग. रात्री हे काम काढू नकोस, दिव्याच्या उजेडात डाग दिसत नाहीत आणि झोप आली की सगळं पुन्हा आत कोंबलं जातं. कपाट पार रिकामं कर. आतून कोरड्या फडक्याने पुसून दारं दिवसभर सताड उघडी ठेव. तुझं कपाट बाथरूमच्या भिंतीला टेकलेलं आहे, ते जावईबापूंना सांगून चार बोटं पुढे ओढून घे. तुला कपड्यांना जो कुबट वास येतो तो साबणाचा दोष नाही, भिंतीतल्या ओलीचा आहे.

कॉटनच्या साड्या आणि कुर्ते बघून घे, कसर लागलेली असेल. कसरीला खळ आवडते. म्हणून खळ केलेली साडी पावसाळ्याआधी नुसत्या पाण्यातून काढून, वाळवून मगच ठेवायची, हे माझ्या आईने मला शिकवलं आणि मी तुला शिकवायची राहिले. एकदा नेसलेला कपडा न धुता आत ठेवला तरी तेच होतं, घामाच्या आणि जेवणाच्या डागावर कीड आधी येते. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक कप्प्यात टाक. डांबरगोळ्या घातल्यासच तर कापडात गुंडाळून कोपऱ्यात, कपड्यांना टेकू देऊ नकोस, आणि चिंटूचा हात पोचेल अशा खालच्या खणात तर अजिबात नको.

आता तुझ्या त्या खुर्चीबद्दल. तू म्हणतेस, कपाट आवरलं तरी खुर्चीवर ढीग साचतोच. मला वाटतं यात तुझा आळस नाही. एकदा घातलेला, पण धुवायला टाकण्याइतका न मळलेला कपडा आजच्या कपाटांमध्ये कुठे ठेवायचा याची सोयच नसते. धुतलेल्यात ठेववत नाही, मशीनमध्ये टाकवत नाही, मग तो खुर्चीवर जातो. आपल्या जुन्या घरात दाराआड खुंट्यांची फळी होती. आजोबांचा सदरा, कोट, टोपी तिथेच असायची, वाऱ्यावर. तू दाराच्या मागे चार-पाच खुंट्या ठोकून घे. पाचच. सहावा कपडा आला की पहिला धुवायला गेला पाहिजे. एवढ्याने अर्धं काम होईल.

कपडे निवडताना घट्ट झालेले ब्लाउज लगेच बाजूला टाकू नकोस. आधी उलटे करून शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, आहे का बघ. आपला जुना शिंपी दोन्ही बाजूंनी चांगली बोटभर माया ठेवायचा. ती उसवली की बाळंतपणानंतरही ब्लाउज बसतात. तयार घेतलेल्यांमध्ये बहुधा माया नसते, ते मात्र ठेवून उपयोग नाही. लेगिंग, टी-शर्ट, कुर्ते एकावर एक रचू नकोस, घडी लहान करून ड्रॉवरमध्ये पुस्तकांसारखे उभे लाव, म्हणजे तळातलंही दिसतं. न दिसणारा कपडा घातला जात नाही आणि मग आपण तसलाच आणखी एक घेऊन येतो. तुझ्याकडे काळ्या कुर्त्या किती आहेत ते मोज एकदा.

हे सगळं तुला कुणीही सांगेल. मला जे सांगायचंय ते वेगळं आहे.

22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी वाढायला लागलं तेव्हा बाबा आणि मी कागदपत्रांची पिशवी आणि औषधं घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. साड्या उचलण्याचं सुचलंही नाही. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर लाकडी कपाट फुगून त्याची दारं अडकलेली, आणि लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यापर्यंत चिखल. वरच्या कप्प्यात माझं ठेवणीतलं होतं. लग्नातला शालू, तुझ्या डोहाळजेवणाची पैठणी, आत्याने दिलेलं इरकल, सगळ्या मिळून अकरा साड्या. त्यातल्या चार मी एकेकदाच नेसले होते आणि दोनांची तर घडीही मोडली नव्हती. तुझ्या आजेसासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला नेसू, चिंटूच्या मुंजीत नेसू, असं करत ठेवल्या होत्या. एकीचा रंग दुसरीला लागलेला, घड्यांत गाळ बसलेला. पंधरा दिवस धूत होते. शेवटी फेकल्या. वाचल्या त्या रोजच्या दोन, वरच्या गॅलरीत वाळत होत्या म्हणून.

मग मदत आली, ट्रकच्या ट्रक. लोकांनी मनापासून पाठवलं, त्याची जाण मला आहे आणि राहील. पण कपड्यांचा जो ढीग पडला त्यात अर्ध्याअधिक कपड्यांची बटणं तुटलेली, चेन निघालेल्या, काखेत फाटलेले. लग्नातली शेरवानी होती. साड्या पुष्कळ होत्या, पण परकर नव्हते. मनू, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी उभ्या असलेल्या बाईला नुसती साडी देऊन काय उपयोग? ती नेसणार कशावर? बऱ्याच कपड्यांना कुणी हात लावला नाही, ते रस्त्याकडेला भिजले आणि नंतर चिखलाबरोबर उचलून न्यावे लागले.

त्याच ढिगात मला एक गाठोडं मिळालं, जुन्या ओढणीत बांधलेलं. आत निळ्या काठाची सुती साडी, फॉल लावलेली, वापरलेली पण इस्त्री केलेली. तिच्यावरचा ब्लाउज, आणि परकर. परकरात नाडी ओवलेली होती, सुटू नये म्हणून टोकांना गाठी मारलेल्या. ब्लाउजच्या आत दोन सेफ्टी पिना टोचून ठेवल्या होत्या. मी ती नाडी हातात धरून रडले. चिखलात उभी राहून तोवर रडले नव्हते. कुणी पाठवलं ते कधीच कळलं नाही. चौथ्या दिवशी रस्ता सुरू झाल्यावर तू पोचलीस तेव्हा मी दारात उभी होते ना, ती हीच साडी.

म्हणून तुला सांगते, कपाटातून जे काढशील ते असं काढ. देण्याजोगं असतानाच दे. तू जे कपडे "अजून चांगले आहेत" म्हणून ठेवतेस, तेच खरे द्यायचे, कारण ते दुसऱ्याच्या अंगावर चांगले दिसतील. पाच वर्षं पाडून ठेवून, इलॅस्टिक सैल पडल्यावर दिलंस तर ते देणं नाही, टाकणं आहे. धू, बटण लाव, सलवारीत नाडी घाल, जोड जोडीने बांध, वर चिठ्ठी लाव: बाईचा की मुलीचा, कुठल्या मापाचा. चिंटूची झबली, टोपडी, दुपटी तर लगेच द्यावीत. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा कुणाचं तरी वापरलेलं मऊ झबलंच घालतात, आणि तुझ्या इमारतीत कुणी ना कुणी अवघडलेली असेलच.

बोहारणीला तुमचा वॉचमन आत सोडत नाही, ठाऊक आहे. पण गूंज संस्था कपडे घेते. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत सुरू केली, आता मुंबईकडेही तिचं काम आहे. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात, फुकट नाही. मला हे फार पटलं, घेणाऱ्याची मान खाली जात नाही. उरलेल्या सुती कापडाचे ते पाळीसाठी पॅड शिवतात. तेव्हा जुन्या सुती चादरीही जातील.

तुझ्या पैठणीचं आता. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, आधी बाहेर काढ. खऱ्या जरीत चांदी असते, कोंडलेल्या दमट हवेत ती काळी पडते. सावलीत तासभर पसर, मलमलीत गुंडाळ, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदल, एकाच घडीवर रेशीम तडकतं. हँगरला लावू नकोस, वजनाने ओढली जाते. आणि या दिवाळीत पाडव्याला ती नेस. सांडलं तर सांडलं, डाग पडला तर पडला. तू नेसलेली मला बघायची आहे.

भाऊबीजेला येशील तेव्हा मऊ झालेल्या सुती साड्या तेवढ्या माझ्यासाठी आण, पॉलिस्टर नको. चिंटूला गोधडी शिवायला घेतली आहे, आतल्या थराला दोन कमी पडतायत. आणि खुंट्या ठोकल्यास की फोन कर.

तुझी,
आई