वहिनी, त्या एका ‘एक्झिट’साठी आभार

आदरणीय वहिनी,
सा. न.

साइट दुरुस्त करायला केलेल्या मदतीच्या पैशाचा विषय काढला तेव्हा तुम्ही हसून उडवून लावलंत आणि म्हणालात, “भाऊजी, हे सगळं कुठेतरी लिहून टाका, म्हणजे पुढच्याचे हाल वाचतील.” म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : ठाण्याला नौपाड्यात एक क्लास आहे. त्यांची प्रवेश आणि फीची साइट यंदा माझ्या गळ्यात पडली. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली, लिहिणारा फोन उचलत नाही, आणि वर ऐन जून तोंडावर. तक्रारी दोन. लॉगिन केलं की कोरं पांढरं पान येतं, आणि काही पालकांच्या नावावर एकाच फीच्या दोन-दोन पावत्या निघतात. आमच्या सोसायटीतल्या वहिनींनी ऐरोलीत बरीच वर्षं जावा या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम केलंय, हे मला सौ.कडून कळलं. मी लॅपटॉप काखेत मारून दुसऱ्या मजल्यावर उतरलो. तुम्ही आधीच सांगून टाकलंत, “पीएचपी मला येत नाही. एचटीटीपी येतं. बघू घोडं कुठे पेंड खातंय ते.” (एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती पद्धत.)

मला वाटायचं, रीडायरेक्ट म्हणजे सर्व्हर माणसाला उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवतो. तुम्ही म्हणालात, सर्व्हर कुणालाही कुठेही नेत नाही. कचेरीतला कारकून मान वर न करता म्हणतो ना, “इथे नाही, सहा नंबरच्या खिडकीवर जा”, तसं ते आहे. चालत जायचं ते तुम्हीच. ब्राउझरला ३०२ किंवा तसलाच एक आकडा आणि ‘लोकेशन’ हेडरमध्ये (हेडर म्हणजे पानाच्या मजकुराआधी जाणारी सूचना) नवा पत्ता मिळतो, आणि तो नव्याने, पहिल्यापासून, दुसरी विनंती करतो. जावातलं ‘फॉरवर्ड’ याच्या उलट : तिथे कारकूनच आत जाऊन काम करून आणतो, आपण उभे त्याच खिडकीवर, म्हणून ब्राउझरमधला पत्ताही बदलत नाही. पुढचं सगळं मला या एका फरकातून उलगडत गेलं.

पांढऱ्या पानाचं आधी. माझ्या लॅपटॉपवर साइट सुरळीत, सर्व्हरवर कोरी. मी दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहून हात टेकले होते. तुम्ही सर्व्हरचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडायला लावलात. त्यात ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा सुप्रसिद्ध इशारा होता. तो दिसल्याबरोबर मी “हां, हे नेहमीचंच” म्हणून खाली सरकायला लागलो, तर तुम्ही माझा हात थांबवलात. “ओळ शेवटपर्यंत वाचा. कंसात काय लिहिलंय?” कंसात लिहिलं होतं की आउटपुट, म्हणजे पानाचा मजकूर, कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) फाइलच्या पहिल्या ओळीपासून सुरू झालंय. पहिल्या ओळीवर तर पीएचपीचा सुरुवातीचा टॅग, त्याच्या आधी काहीच नाही! म्हणजे डोळ्यांना काहीच नाही. तुम्ही फाइल हेक्समध्ये (प्रत्येक बाइट सुटा दिसतो तशी) उघडलीत आणि सुरुवातीला तीन बाइट बसलेले निघाले : ईएफ, बीबी, बीएफ. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीची खूण, ‘बॉम’. २०१९ च्या आधीच्या विंडोजमधल्या नोटपॅडमध्ये फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की तो आपोआप चिकटायचा. तीन अदृश्य बाइट, पण पीएचपीच्या लेखी पान छापायला सुरुवात झाली. मजकूर सुटला की हेडर सुटलेच, आणि मागाहून ‘लोकेशन’ घालता येत नाही. हेडर गेलं नाही, त्याच्या खालच्या ‘एक्झिट’ने, म्हणजे ‘इथेच थांब’ सांगणाऱ्या आज्ञेने, काम थांबवलं, आणि पालकांसमोर कोरं पान.

मग लॅपटॉपवर का चालत होतं? तिथल्या सेटिंगमध्ये आउटपुट बफरिंग ४०९६ होतं. पहिले चार केबी रोखून धरले जात होते, म्हणून उशिरा आलेलं हेडरही खपून जात होतं. सर्व्हरवर बफरिंग बंद. मी म्हटलं, मग तिथेही चालू करू की. तुमचं उत्तर तिखट होतं, पण पटलं : आधी काय करायचं ते ठरवा, मग छापायला बसा, बफरच्या भरवशावर राहिलात तर ज्या दिवशी पान चार केबींच्या पुढे जाईल त्या दिवशी पुन्हा माझ्याकडे याल. बॉम काढला, फाइलींच्या शेवटचे पीएचपीचे बंद टॅगही काढले, कारण त्यांच्यामागे राहिलेल्या रिकाम्या ओळीही हाच घोळ घालतात. साइट चालू झाली आणि जिवात जीव आला.

मी उठायच्या बेतात होतो. वहिनी, खरे आभार इथून पुढच्यासाठी आहेत, कारण हे मी विचारलंच नव्हतं. “लॉगिन नसलेल्याला बाहेर कसं काढताय ते बघू,” म्हणालात. विद्यार्थ्यांच्या यादीच्या पानावर वरतीच तपासणी होती : लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवा. मी ब्राउझरमध्ये दाखवलं, बरोबर लॉगिनचं पान आलं. तुम्ही टर्मिनल उघडून तोच पत्ता ‘कर्ल’ला, म्हणजे आज्ञा टाइप करून पान मागवायच्या साधनाला दिलात, सोबत हेडरही दाखवायचा पर्याय. आधी ३०२, मग लोकेशन, एक रिकामी ओळ, आणि त्याखाली मुलांची नावं, इयत्ता, आईवडिलांचे मोबाइल नंबर… स्क्रीनभर सरकत गेलं सगळं. लॉगिन न करता!

हेडरच्या ओळीखाली ‘एक्झिट’ नव्हतं. ‘सहा नंबरला जा’ म्हणून झालं तरी कारकून मागे सगळी कागदपत्रं मोठ्याने वाचतच होता. ब्राउझर शहाण्यासारखा निघून जातो, म्हणून आपल्याला दिसत नाही. पण ज्याला जायचंच नाही त्याला सगळं ऐकू येतं. पीएचपीमध्ये ‘हेडर’ हे एक साधं फंक्शन आहे, ते प्रोग्रॅम थांबवत नाही. जावातलं ‘सेंडरीडायरेक्ट’ही थांबवत नाही, त्याच्याखालीही ‘रिटर्न’ लागतोच, हे तुम्हीच सांगितलंत. लोक याला बारीकसारीक चूक समजतात. मी समजत नाही. पांढरं पान परवडलं, ते निदान ओरडून सांगतं तरी. हे गपगुमान किती काळ चालू होतं, देव जाणे.

एवढं होऊनही तुम्ही आधीच्या माणसाबद्दल वावगा शब्द काढला नाहीत, मलाही काढू दिला नाहीत. साइटभर ‘लोकेशन’ शोधायला बसवलंत आणि प्रत्येकाखाली ‘एक्झिट’ आहे का ते बघायला लावलंत.

दुहेरी पावत्यांचं उत्तर त्यामानाने सोपं निघालं. फॉर्म पोस्ट झाला, म्हणजे सर्व्हरकडे पाठवला गेला, की त्याच उत्तरात पावती छापली जात होती. पालकांनी पान रिफ्रेश केलं की ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवायचा. तो आधी विचारतो खरा, पण घाईत ‘हो’ दाबलं जातं. उपाय : पोस्टमध्ये फक्त नोंद करा, ३०३ देऊन पावतीच्या पानावर पाठवा, मग कितीही रिफ्रेश करा, पावतीच पुन्हा दिसेल. ३०२ का नको, विचारलं तर तुम्ही थोडा इतिहास सांगितलात. मुळात ३०२ मध्ये पोस्टचं (माहिती पाठवण्याचं) गेट (नुसतं पान मागणं) व्हावं अशी अपेक्षा नव्हती, पण ब्राउझरांनी तसंच करायला सुरुवात केली. मग १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ‘आता गेट करूनच जा’ असं स्पष्ट सांगणारा ३०३ आला, आणि १९९९ च्या आवृत्तीत ‘पद्धत बदलू नका’ सांगणारा ३०७. व्यवहारात ३०२ नेही काम भागतं, पण जे म्हणायचंय ते म्हणणारा आकडा असताना दुसरा का वापरा?

यातही एक मेख तुम्ही सांगून ठेवलीत : नेट संथ असताना कुणी ‘फी भरा’ लागोपाठ दोनदा दाबलं तर ३०३ वाचवत नाही. त्यासाठी फॉर्ममध्ये एकदाच चालणारं टोकन, आणि डेटाबेसात त्यावर युनिक की, म्हणजे तेच टोकन दुसऱ्यांदा नोंदवलंच जात नाही. दोन्ही घातली. ‘फी जमा झाली’ हा संदेश आता सेशनमध्ये (सर्व्हरवरच्या त्या पालकाच्या तात्पुरत्या नोंदीत) ठेवतो आणि एकदा दाखवून पुसतो, कारण विनंती नवी असल्यामुळे जुन्यातलं काहीच तिच्यासोबत येत नाही.

लॉगिननंतर मूळ पानावर परत न्यायला पत्त्यात जे ‘नेक्स्ट’ असतं, ते तुम्ही माझ्यावर सोडलं होतंत. तिथे बाहेरचा पत्ता घालून कुणी क्लासच्या नावाने लिंक फिरवली, तर पालक आपल्या साइटवर लॉगिन करून भलत्याच्या दारात जाणार. आधी मी नुसतं ‘सुरुवात स्लॅशने’ एवढंच तपासणार होतो. पण दोन स्लॅशने सुरू होणारा पत्ता ब्राउझर दुसरं डोमेनच समजतो, आणि स्लॅशनंतर उलटा स्लॅश आला तरी तेच. म्हणून ती भानगडच ठेवली नाही. आपल्या पानांची यादी केली आहे, त्यात असेल तिथेच जाता येतं, नाहीतर मुखपृष्ठ.

आता पुढचं. दिवाळीनंतर क्लास नव्या डोमेनवर जातोय. तुमचा सल्ला लक्षात आहे : ३०१, म्हणजे ‘कायमचं तिकडे जा’ सांगणारा आकडा, ब्राउझर साठवून ठेवतो आणि मग सर्व्हरला विचारायलाच येत नाही, तेव्हा आपण इकडे काहीही सुधारलं तरी त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी काही दिवस ३०२ ठेवून सगळे पत्ते तपासणार, मग ३०१. ज्या पत्त्यांवर फॉर्म पोस्ट होतात तिथे आधी ३०७ आणि नंतर ३०८ (३०७ चाच ‘कायमचा’ प्रकार) असं योजलंय. काही चुकत असेल तर लिफ्टमध्ये भेटाल तेव्हा टोका.

आणि पैसे नको म्हणालात, ठीक. पण सौ. शनिवारी पुरणपोळ्या घेऊन खाली येणार आहे, तिला मात्र परत पाठवू नका. तिथे माझं काही चालत नाही.

आपला,
चौथ्या मजल्यावरचा भाऊजी
कोपरखैरणे, नवी मुंबई