हतनूरच्या पाण्यावरही वल्ही चालावीत

महोदय,

नुकताच थायलंडमधील फांग-ङा उपसागरात वाटाड्यासोबत दिवसभर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, चालवण्याचा योग आला. तापीकाठी वाढलेल्या आम्हा भुसावळकरांना भरती-ओहोटी पुस्तकातूनच ठाऊक. तिथे सारा दिवस तिच्या वेळेवर बेतलेला होता. चुनखडीच्या बेटांच्या पोटात शिरणाऱ्या काही गुहा पाणी ठरावीक पातळीला असतानाच खुल्या असतात. कयाकमध्ये उताणे पडून, कपारींना चिकटलेल्या धारदार कालवांपासून हात आवरत आम्ही अंधारातून सरकलो, तो समोर उघडे आभाळ! छत कोसळून झालेल्या अशा जागेला तिथे ‘हाँग’, म्हणजे खोली, म्हणतात. आत खारफुटी, चिखलातून वर आलेली तिची मुळे. वाटाड्या मुळांना वल्हे लागू देत नव्हता. मोठ्याने बोलूही देत नव्हता. आणि लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही कयाकमध्ये पाय ठेवता आला नाही.

परतल्यापासून तापीवरील हतनूर धरणाचा जलाशय डोळ्यांपुढे येतो. चांगदेवजवळचा तापी-पूर्णा संगम, हिवाळ्यातले स्थलांतरित पक्षी, सगळे आपल्या दाराशी आहे. जलसंपदा आणि वन विभागाने मिळून इथे मोजक्या, बिनइंजिनाच्या कयाक सुरू कराव्यात. पाण्याची नस ओळखणाऱ्या स्थानिक मच्छीमार तरुणांनाच वाटाड्याचे प्रशिक्षण द्यावे. पक्ष्यांच्या थव्यांपासून अंतर सक्तीचे असावे. धरणाला ४१ दरवाजे आहेत; ते उघडण्याच्या पावसाळी महिन्यांत मात्र पूर्ण बंदी हवी.

– एक वाचक, भुसावळ