बातमीतली बाई आणि बातमी लिहिणारी बाई: एका ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र. जाहीर अशासाठी, की जिल्ह्या-तालुक्यातून बातम्या पाठवणाऱ्या कितीतरी मुलींना अजून ठाऊकच नाही की अडचणीच्या वेळी हाक मारली तर ओ देणाऱ्या बायका याच क्षेत्रात आहेत, आणि त्या एकमेकींना धरून आहेत. तुमचं नाव मी लिहीत नाही, माझंही नाही आणि गावाचंही नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

आपली ओळख झाली ती एका बातमीवरून. शाळकरी मुलीवर अत्याचार झाला होता आणि आरोपी नात्यातला होता. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये मुलीचं नाव तेवढं नव्हतं. बाकी गाव होतं, तिची इयत्ता होती, वडिलांच्या किराणा दुकानाचा उल्लेख होता, आरोपीचं संपूर्ण नाव आणि तो मुलीच्या आईचा चुलत भाऊ असल्याचंही होतं. त्या गावात किराणा दुकानं किती असणार? मी हे सगळं वगळून बातमी पाठवली. थोड्या वेळात डेस्कवरून, म्हणजे बातम्या तपासून पान लावणाऱ्यांकडून, फोन आला, गाव नाही, दुकान नाही, नातं नाही, ही काय बातमी झाली? उद्या बाकीच्या पेपरांत सगळं येणार आणि आपण मागं पडणार. पान छपाईला सुटायला तासभर उरला होता. मुंबईतल्या मैत्रिणीनं तुमचा नंबर दिला आणि ओळखदेख नसताना मी रात्री फोन लावला.

तुम्ही माझी विचारपूसही केली नाहीत. ‘कॉपी टाक व्हॉट्सॲपवर’ एवढंच म्हणालात. दहा मिनिटांत फोन आला आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम २३ तुम्ही मला वाचून दाखवलंत. मुलीचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, किंवा जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कुठलीही गोष्ट छापायची नाही. छापली तर सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि वार्ताहराच्या चुकीला प्रकाशक किंवा मालकही जबाबदार असतो. ‘हे शेवटचं वाक्य डेस्कला आधी सांग,’ असं तुम्ही म्हणालात. मी सांगितलं. गाव गेलं, दुकान गेलं आणि नातंही गेलं.

पण तुम्ही तिथं थांबला नाहीत, आणि माझ्या दृष्टीनं तुमची खरी मदत तिथून पुढं सुरू झाली. ‘आता वगळलंस त्या जागी काय घालणार?’ असं तुम्ही विचारलंत. बालकल्याण समितीला चोवीस तासांत कळवलं का? मुलीचा जबाब कुठं घेतला, घरी की ठाण्यात? घेणारी महिला अधिकारी होती का, आणि ती गणवेशात होती का? कायदा सांगतो की गणवेशात नसावी. दुसऱ्या दिवशी मी हे प्रश्न घेऊन ठाण्यात गेले. तोवर आमच्याकडं असले प्रश्न कुणी विचारत नसे, कारण प्रेसनोट आली की बातमी झाली असंच धरलं जाई. त्या उत्तरांवर पुढची बातमी उभी राहिली. मुलगी कोण हे कुणालाही कळत नव्हतं, पण यंत्रणा तिच्याशी कशी वागली हे सगळ्यांना कळत होतं. नीतिमत्ता म्हणजे नुसतं ‘हे छापू नका’ असं मला तोवर वाटायचं. त्या दिवसापासून तसं वाटत नाही.

त्यानंतर मी तुम्हाला कॉप्या पाठवतच राहिले. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा आपल्याकडं किती सर्रास लागतो! तुम्ही विचारलंत, ‘तिचं म्हणणं मांडायला ती उरलेली नाही. मग हा संशय तुला सांगितला कुणी? मारणाऱ्यानंच ना?’ पोलिसांनी आरोपीचा जबाब वाचून दाखवायचा, आपण तो मथळ्यात घालायचा, आणि मेलेल्या बाईला दुसऱ्यांदा आरोपीच्या तोंडून ओळखायचं. हे इतक्या वर्षांत आपल्या एकाही बैठकीत कुणाला खटकलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मग वेळ माझ्यावरच आली.

काय झालं ते तपशिलात लिहीत नाही. रात्री-अपरात्री मेसेज, ‘बायलाइनचं (म्हणजे बातमीवर तुझं नाव छापायचं) बोलू, बाहेर जेवायला ये’ आणि नकार दिल्यावर बातम्या अडकवून ठेवणं, एवढं सांगितलं तरी या क्षेत्रातल्या बायकांना पुढचं कळेल. मी तोंड उघडल्यावर ऐकवलं गेलं की तू कर्मचारी आहेसच कुठं? बातमीमागं मानधन घेणारी वार्ताहर, ना नेमणूकपत्र, ना पगारपत्रक, तुला कसला कायदा? मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

तुम्ही म्हणालात की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नेमका तुझ्यासारखीसाठीच रुंद केलेला आहे. कायम, हंगामी, कंत्राटी, रोजंदारी, पैसे घेऊन काम करणारी किंवा न घेता करणारी, सगळ्या त्यात बसतात. कामानिमित्त जाशील ती जागा कामाचीच. मग विचारलंत, शेवटचा प्रसंग कधीचा? कारण तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, आणि ती वाढवून मिळाली तर आणखी तीन महिन्यांचीच. आमच्या शाखेत दहा माणसंही नव्हती, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाणार हेही तुम्हीच सांगितलंत. तक्रारीच्या सहा प्रती लागतात हेसुद्धा. माझ्या पहिल्या मसुद्यातली ‘विकृत’, ‘नीच’ ही सगळी विशेषणं तुम्ही काढायला लावलीत. तारीख, वेळ, शब्द, स्क्रीनशॉट, कोण हजर होतं, एवढंच ठेव म्हणालात. बातमी लिहितेस तशी लिही.

आणि तक्रार द्यायच्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. रात्रीच्या गाडीनं, बसल्या सीटवर, कारण आयत्या वेळी बर्थ मिळाला नव्हता. स्टेशनवरून थेट आमच्या घरी आलात, तोंड धुतलंत आणि चहा घेऊन आईजवळ ओट्यापाशी उभ्या राहिलात. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, ‘हिचं लग्न जमंल का हो अशानं?’ दुसरं कुणी असतं तर ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ म्हणालं असतं. तुम्ही म्हणालात, ‘ते मला नाही सांगता यायचं. पण ही आज काम सोडून घरी बसली, तर ती का बसली हे लोक आपापल्या मनानं ठरवतील. तक्रार दिली तर निदान हिचं म्हणणं कागदावर राहील.’ आई काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि मला म्हणाली, ‘जाताना डबा घेऊन जा, उशीर होईल.’ ताई, त्या वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाकावर आपण बराच वेळ बसलो होतो. माझे हात थरथरत होते आणि तुम्ही मला जुन्या गोष्टी सांगत होतात. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडल्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं जाहीर पत्र. त्यातून पेटलेलं आंदोलन आणि १९८३ ची कायदा दुरुस्ती. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापू नये हे कलम त्याच दुरुस्तीनं आलं. मग राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरीदेवी. सरकारी योजनेत साथीन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करताना बालविवाह थांबवायला गेल्या, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यांच्या प्रकरणातून कामाच्या ठिकाणच्या छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली १९९७ साली, आणि त्यातून हा २०१३ चा कायदा, ज्याखालच्या माझ्या तक्रारीच्या सहा प्रती माझ्या मांडीवर होत्या.

म्हणजे आपण बातमीत पाळायचा नियम एका खेड्यातल्या मुलीमुळं आला, आणि आपल्या कचेरीत मला वाचवू पाहणारा कायदा दुसऱ्या खेड्यातल्या बाईमुळं. त्या बाकावर मला पहिल्यांदा समजलं की मी तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी फोन करतच नव्हते. ज्या कचेरीत बाईच्या नकाराला किंमत नाही, तिथं बातमीतल्या बाईच्या अब्रूला किंमत कुठून येणार? ‘तिचं दुकान टाक, खप वाढेल’ आणि ‘जेवायला ये, बायलाइन मिळेल’ ही एकाच ठिकाणाहून आलेली वाक्यं आहेत. मला हे तुमच्यामुळं दिसलं.

तुमच्या पिढीनं ते फार आधी ओळखलं होतं. ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानातल्या देवराळ्यात रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. दिल्लीच्या ‘जनसत्ता’ या हिंदी दैनिकानं सतीच्या बाजूनं अग्रलेख लिहिला, तेव्हा बायका त्याचा निषेध करायला उतरल्या. मुंबईत पत्रकारांच्या संघटनेत, बॉम्बे युनियन ऑफ जर्नलिस्ट्समध्ये, महिला आणि माध्यम समिती होती. तिच्यातल्या तिघी जणी देवराळ्याला गेल्या आणि अहवाल घेऊन परतल्या. कुणी असाइनमेंट दिली म्हणून नव्हे, तर आपल्याच पेशानं ती घटना कशी मांडली हे तपासलं पाहिजे असं त्यांना वाटलं म्हणून. पुढं शहरोशहरी बैठका होत गेल्या आणि २००२ साली नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया, इंडिया हे माध्यमांतल्या बायकांचं जाळं उभं राहिलं. पदाधिकाऱ्यांच्या उतरंडीशिवाय, आपापली नोकरी सांभाळून वेळ काढणाऱ्या बायकांच्या जिवावर ते चाललं आहे. मला रात्री तुमचा नंबर मिळाला तो अशाच कुणाच्या तरी ओळखीतून, हे मला नंतर कळलं.

आणि हो, तानूबाई बिर्जे! नवऱ्याच्या निधनानंतर १९०६ पासून ‘दीनबंधू’ या मराठी वृत्तपत्राची संपादकी करणाऱ्या. आमच्या पत्रकारितेच्या वर्गात त्यांचं नावही कुणी घेतलं नव्हतं. महाराष्ट्रात राहून, मराठीत बातम्या लिहून मला त्या ठाऊक नसाव्यात? तुम्ही सांगितलंत तेव्हा मला अभिमान वाटला आणि संतापही आला.

चौकशीत काय झालं, काय शिफारस झाली, ते मी इथं लिहिणार नाही. त्याच कायद्याचं कलम १६ तक्रार, चौकशी, दोन्हीकडच्या माणसांची नावं, यातलं काहीही प्रसिद्ध करायला मनाई करतं. ओळख उघड न करता, न्याय मिळाला एवढं सांगता येतं. तर ताई, तो मिळाला. नावं आणि गाव का गाळलं ते आता वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. दुसऱ्यांच्या बाबतीत जो नियम आपण पाळायचा, तो स्वतःच्या बाबतीतही.

मी अजून बातम्या पाठवते. मधल्या काळात सोडून द्यावंसं वाटलं, हे तुमच्यापासून लपलेलं नाही. तेव्हा तुम्ही मला दिल्लीच्या न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२१ च्या निकालातला मजकूर मराठीत करून पाठवला होता. लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून माजी केंद्रीय मंत्र्यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर घातलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातला. बाईला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, अगदी काही दशकांनंतरही मांडायचा हक्क आहे, असं न्यायालय त्यात म्हणतं. तुम्ही खाली एकच ओळ लिहिली होती: ‘तुला तर इतकं थांबावंही लागलं नाही.’ त्या दिवशी संध्याकाळी मी नगरपालिकेची सभा कव्हर करायला गेले.

आता थोडं पुढचं. आमच्या जिल्ह्यात वेगवेगळ्या पेपरांना आणि चॅनेलना बातम्या देणाऱ्या आम्ही काही जणी महिन्यातून एकदा भेटायला लागलोय. स्थानिक समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर प्रत्येक शाखेत भिंतीवर लागावेत, यासाठी पत्रं दिली आहेत. दोन ठिकाणी लागली. क्राइमच्या बातमीत काय लिहायचं नाही आणि काय विचारायचं, याचं एक पान मराठीत तयार केलंय. तुमच्याच प्रश्नांवरून केलंय, तेव्हा एकदा नजर घाला.

एका मुद्द्यावर मात्र तुमचं-माझं जमत नाही. तुम्ही म्हणता, आधी समित्या, सुरक्षितता आणि आचारसंहिता नीट बसू दे, मानधनाचं नंतर बघू. मला वाटतं मानधन आधी. बातमीमागं हातावर टेकवलेल्या पैशांत ज्या मुलीचा एसटीचा खर्चही निघत नाही, ती गावाचं नाव छापायला नकार कसा देणार आणि कुणाविरुद्ध तक्रार कशी देणार? बाकीच्या जणीही माझ्या बाजूनं आहेत. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी बैठक आहे. तुम्ही याच, आणि समोर बसून भांडा. या वेळी परतीचं तिकीट आम्ही आधीच काढून ठेवतो, बर्थचं.

आईनं नमस्कार सांगितलाय.

तुमची,
जिल्ह्यातली एक वार्ताहर