ताजिकिस्तानात, पामीरच्या पठारावर मुर्गाबला थांबलेल्या मुलास

वर्धा, २४ ऑगस्ट

चि. नचिकेत, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला. ‘मुर्गाबला पोचलो, डोकं दुखतंय, एका किरगीझ आजींकडे राहिलोय, काळजी करू नका.’ बाबांनी लगेच नकाशा काढला. मुर्गाबच ३,६०० मीटरच्या वर, आणि किरगिझस्तानातल्या ओशच्या वाटेवर पुढे अक-बैतालचा घाट, ४,६५५ मीटर. तो तू सायकलने चढणार. बाबा काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसत बसले.

डोक्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण बाबू, विरळ हवेतलं ते दुखणं गोळीने दाबून वर चढू नकोस. ते थांबेपर्यंत तिथेच राहा. उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर सकाळची वाट न बघता मिळेल त्या गाडीने खाली ये. बघ, झालं माझं सुरू. रागावू नकोस.

आप्पांची ती गोष्ट तुला पाठ आहे. १९६२ साली सतीश कुमार आणि मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी मॉस्कोकडे निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना पैसे बरोबर नेऊ नका म्हणून सांगितलं. खिसा रिकामा असला की संध्याकाळी कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं. ही गोष्ट घरात सांगितली याचा काल मला राग आला, आणि आज सकाळी शेजारच्या वहिनींना तुझं कौतुक करताना मीच ती सांगितली. त्या दोघांच्या आयांचं काय झालं असेल, ते मात्र आप्पांनी कधी सांगितलं नाही.

पवनारला धाम नदीवर तू हरवलास तेव्हा सहा वर्षांचा होतास. आम्ही पाण्याकडे बघत हाका मारतोय, आणि तू धनगरांच्या पालात, म्हातारीच्या मांडीला टेकून भाकरीचा पापुद्रा सोलत बसलेला. मी धपाटा घातला. ती म्हणाली, ‘मारू नको बाई, पोरगं सगळ्यांची नावं विचारत होतं.’

त्या आजींचं नावही विचारलं असशीलच. लोणी घातलेला खारट चहा पाजतात म्हणालास. साय दिसली की कप सरकवणारा तू, तो पितोस? त्यांना माझा नमस्कार सांग. आणि डोकं थांबलं का ते कळव. एक शब्द पुरे.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, टोपी कानावर येते ना?